‘हवेचा रोध नगण्य मानल्यास…’

मागच्या खुर्च्यांपर्यंत आवाज पोचतोय ना? बरं.

पत्रिकेवर आजचा विषय ‘प्रक्षेपकाच्या मार्गावर हवेच्या बलांचा परिणाम’ असा छापलाय. नाव जरा जड झालंय, पण ते माझंच आहे, त्यामुळे तक्रार कोणाकडे करणार? प्रक्षेपक म्हणजे एकदा सोडून दिलेली वस्तू. तिला इंजिन नाही, सुकाणू नाही. चेंडू, दगड, भाला, तोफेचा गोळा, बॅडमिंटनचं फूल, सगळे त्यात आले. हातातून सुटल्यावर त्यांच्यावर दोघांचीच सत्ता असते. एक गुरुत्वाकर्षण आणि दुसरी हवा.

मी एकतीस वर्षं अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवलं. दर वर्षी हा धडा यायचा आणि दर वर्षी मी फळ्यावर वरती लिहायचो, ‘हवेचा रोध नगण्य मानल्यास’. मग खाली अन्वस्ताचं समीकरण, मग गणितं, मग मार्क. एका वर्षी मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. तालुक्याच्या संघातून जलद गोलंदाजी करायचा. म्हणाला, ‘‘सर, हवा काहीच करत नसेल तर मग माझा चेंडू आत कसा येतो?’’ मी म्हणालो, ‘‘ते आपल्या अभ्यासक्रमात नाही, बस.’’ तो बसला. वर्षभरात त्यानं पुन्हा एकही प्रश्न विचारला नाही. प्रश्न चांगला होता, मला उत्तर नीट येत नव्हतं, आणि ते कबूल करायचा धीर झाला नाही, एवढीच गोष्ट. आजचं व्याख्यान म्हणजे त्या मुलाला फार उशिरानं दिलेलं उत्तर आहे असं समजा.

तर आधी, फळ्यावरचं जे होतं ते चूक होतं का? नाही. गॅलिलिओनं १६३८ साली छापलेल्या पुस्तकात ते मांडलंय आणि ते अतिशय सुंदर आहे. त्यानं गतीचे दोन भाग केले. आडवी गती तशीच चालू राहते, कारण तिला अडवणारं कोणी नाही. उभी गती मात्र गुरुत्वाकर्षणानं दर सेकंदाला ठरावीक प्रमाणात बदलते. दोन्ही एकत्र केल्या की मार्ग अन्वस्त होतो. चढती बाजू आणि उतरती बाजू तंतोतंत सारखी. ४५ अंशांत फेकलं की सर्वात लांब. वस्तू जड की हलकी, काही फरक पडत नाही.

आता गंमत बघा. गॅलिलिओच्या शंभर वर्षं आधी, १५३७ साली, तार्तालिया नावाच्या इटालियन गणितज्ञानं तोफगोळ्याचा मार्ग काढून दाखवला होता. त्याचं चित्र असं की गोळा आधी जवळजवळ सरळ रेषेत जातो, मग थोडा वाकतो आणि मग धपकन सरळ खाली पडतो. हे चित्र पाहून आपण हसतो. त्यामागचं तत्त्वज्ञान चूकच होतं. पण तोफखान्यातल्या माणसाला डोळ्यांनी जे दिसत असेल त्याच्या हे चित्र अन्वस्तापेक्षा पुष्कळ जवळ आहे! गॅलिलिओलाही याची जाणीव होती. बंदुकीसारख्या भयंकर वेगात हवेमुळे हा आकार बिघडेल, असं त्यानं त्याच पुस्तकात लिहून ठेवलंय. ती तळटीप विसरली ती नंतरच्या लोकांनी, आणि आम्हा मास्तरांनी.

बिघडलेला अन्वस्त घरबसल्या पाहायचा असेल तर बॅडमिंटनचं फूल उंच मारा. तसं हे आपल्या घरचंच उदाहरण. पुण्याच्या छावणीतले इंग्रज अधिकारी एकोणिसाव्या शतकात हा खेळ खेळायचे, आणि एके काळी खेळाचं नावच ‘पूना’ होतं. फूल वर जाताना तिरकं जातं, पण येताना? जवळजवळ सरळ खाली. तार्तालियाचं चित्र! वजन साधारण पाच ग्रॅम आणि पिसांचा घेर मोठा, त्यामुळे हवा त्याला लगेच पकडते. गच्चीवरून नुसतं सोडलं तर सेकंदाला सुमारे सात मीटर वेग आला की पुढे वेग वाढतच नाही. हवेचा रोध आणि फुलाचं वजन तिथे समसमान होतात. याला आपण अंतिम वेग म्हणतो. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, असं पुस्तकात असतं. का, ते सहसा नसतं. चेंडू पुढे जाताना हवेला बाजूला ढकलतो. वेग दुप्पट केला तर एका सेकंदात दुप्पट हवा वाटेत येते. शिवाय त्या प्रत्येक कणाला दुप्पट जोरानं ढकलावं लागतं. दोन गुणिले दोन, चार. संपलं. आता हे फुलाला लावू. २०२३ साली सात्विकसाईराज रंकीरेड्डी या आपल्या खेळाडूनं मारलेल्या स्मॅशचा वेग ताशी ५६५ किलोमीटर मोजला गेला, म्हणजे सेकंदाला १५७ मीटर. फुलाच्या अंतिम वेगाच्या बावीस-तेवीसपट. त्याचा वर्ग केला तर निघताना फुलावरचा रोध त्याच्या वजनाच्या अंदाजे पाचशेपट! हिशेब केला तर दर सव्वातीन मीटरला त्याचा वेग निम्मा होतो. म्हणून तो स्मॅश परतवणारे लोक या जगात आहेत.

तुम्ही म्हणाल, फूल हलकं आहे, त्याचं ठीक आहे. क्रिकेटचा चेंडू चांगला १६० ग्रॅमचा, घट्ट. त्याला हवा काय करणार? हाच हिशेब मी निवृत्त झाल्यावर पहिल्यांदा नीट बसून केला आणि थक्क झालो. चेंडू ताशी १४० किलोमीटरनं टाकला तर त्याच्यावरचा हवेचा रोध जवळजवळ त्याच्या वजनाइतका असतो. म्हणजे गुरुत्वाकर्षण त्याला जेवढ्या जोरानं खाली ओढतं, तेवढ्याच जोरानं हवा त्याला मागे ढकलत असते. एकतीस वर्षं ज्याला मी ‘नगण्य’ म्हणत होतो ते हे! (हशा) हातातून १४० नं सुटलेला चेंडू, टप्पा धरलाच नाही तरी, फलंदाजापाशी १२५ च्या आसपास पोचतो.

षटकाराचं बघा. बॅटवरून सेकंदाला ४० मीटर वेगानं, ४५ अंशांत निघालेला चेंडू फळ्यावरच्या समीकरणानं १६३ मीटरवर पडायला हवा. वानखेडेवर तो प्रेक्षकांच्याही पलीकडे गेला असता. प्रत्यक्षात तो नव्वद मीटरच्या आसपास पडतो. जवळपास निम्मी मजल हवेनं खाल्ली. आणि ४५ अंश हा कोनही मग सर्वोत्तम राहत नाही, तो चाळीसच्या आसपास येतो. जितका वेळ हवेत, तितका तोटा. म्हणून जरा खालून मारलेला बरा.

हवेनं पत्रास न ठेवण्याजोगं काहीच नसतं हे पहिल्यांदा मोजून दाखवलं ते बेंजामिन रॉबिन्स या इंग्रजानं. या माणसाबद्दल मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण त्याचं नाव आपल्या पुस्तकांत येत नाही. अठराव्या शतकात विद्वानांचं सर्वसाधारण मत असं होतं की शिशाच्या गोळीपुढे हवा म्हणजे काय? शिसं हवेच्या हजारो पट घन. तेव्हा गोळ्याचा मार्ग अन्वस्तच धरायला हरकत नाही. आणि वादच घालायचा तर मोजणार कसं? सेकंदाला पाचशे मीटर जाणारी गोळी मोजायला ना कॅमेरा, ना तसं घड्याळ.

रॉबिन्सनं एक जाड लाकडी ठोकळा लंबकासारखा टांगला. गोळी त्यात रुतून बसायची आणि ठोकळा मागे झुलायचा. किती मागे गेला हे एका फितीनं मोजायचं. ठोकळ्याचं वजन माहीत, गोळीचं वजन माहीत, झोक्यावरून ठोकळ्याचा वेग निघतो आणि संवेग अक्षय्यतेनं गोळीचा. बारावीचं गणित! पण ते खरी खुबी नव्हे. खुबी अशी की त्यानं तोच लंबक बंदुकीपासून वेगवेगळ्या अंतरांवर ठेवला. २५ फुटांवर गोळीचा वेग भरला सेकंदाला १६७० फूट. ७५ फुटांवर १५५०. १२५ फुटांवर १४२५.

आता माझ्याबरोबर हिशेब करा, तोंडी होतो. पन्नास फूट जायला गोळीला साधारण सेकंदाचा बत्तिसावा भाग लागला. तेवढ्यात तिचा वेग १२० फुटांनी घटला. गुरुत्वाकर्षण दर सेकंदाला ३२ फुटांनी वेग बदलतं, म्हणजे सेकंदाच्या बत्तिसाव्या भागात फक्त एक फुटानं. एक कुठे आणि एकशेवीस कुठे? हवेचा रोध गोळीच्या वजनाच्या सुमारे १२० पट. ज्या बलाला सगळे ‘काही नाही’ म्हणत होते ते गुरुत्वाकर्षणाच्या शंभरपटीहून मोठं निघालं. हे पुस्तक आलं १७४२ साली. तीन वर्षांत ऑयलरसारख्या गणितज्ञानं त्याचं जर्मन भाषांतर केलं, आणि स्वतःची लांबलचक टिपणं जोडली. ध्वनीच्या वेगाच्या आसपास रोध एकदम उसळी घेतो, हेही रॉबिन्सच्याच लक्षात आलं होतं. विमानं त्या वेगाजवळ पोचायला पुढे दोनशे वर्षं जायची होती.

त्याचा दुसरा प्रयोग तर मला अजून आवडतो. बंदुकीची गोळी कधी डावीकडे तर कधी उजवीकडे का वाहवत जाते, हा सैनिकांचा जुना रडगाऱ्हाण्याचा विषय. रॉबिन्सचं म्हणणं असं की गोळी नळीच्या बाजूला घासते, तिला फिरकी मिळते, आणि फिरणाऱ्या गोळीला हवा एका बाजूला ढकलते. सिद्ध कसं करायचं? त्यानं बंदुकीची नळी टोकाशी मुद्दाम डावीकडे वाकवली. आता गोळी उजव्या भिंतीला घासत बाहेर येणार. बार काढला. वाटेत कागदाचे पडदे लावले होते. जवळच्या पडद्यावरची भोकं डावीकडे, अपेक्षेप्रमाणे. पण लांबच्या भिंतीवरचं भोक उजवीकडे! डावीकडे निघालेली गोळी हवेत वळून उजवीकडे आली होती. तुमच्या-माझ्या भाषेत गोळी स्विंग झाली होती. ऑयलरला हे पटलं नाही. गोळ्याच नीट गोल नसतील असं तो म्हणाला. ऑयलर म्हणतोय म्हटल्यावर लोकांनीही ते मानलं, आणि शंभरेक वर्षांनी, १८५२-५३ च्या सुमारास माग्नुस या जर्मन शास्त्रज्ञानं हे पुन्हा प्रयोगानं दाखवलं. म्हणून आज त्याला माग्नुस परिणाम म्हणतात. नावं अशीच पडतात.

रॉबिन्सचा शेवट आपल्याकडे झाला. ईस्ट इंडिया कंपनीनं त्याला किल्ल्यांची तटबंदी सुधारायला पाठवलं. कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात १७५१ साली तो वारला. वय चव्वेचाळीस.

इथे एक उलटी गोष्ट सांगून पुढे जातो. मघाशी म्हटलं की हवेमुळे सर्वोत्तम कोन ४५ च्या खाली येतो. मार्च १९१८ मध्ये जर्मनांनी सुमारे १२० किलोमीटरवरून पॅरिसवर गोळे टाकले ते मात्र पन्नास अंशांहून जास्त कोनात. का? कारण तेवढ्या वेगाचा गोळा तिरका न मारता उभा मारला तर दाट हवेतून लवकर बाहेर पडतो. चाळीसेक किलोमीटर उंचीवर हवा जवळजवळ नाहीच. तिथे फळ्यावरचा अन्वस्त खरा होतो आणि गोळा बहुतेक मजल तिथेच मारतो. म्हणजे विरळ हवेत शिरताना कोन ४५ राहिला पाहिजे, म्हणून निघताना जास्त. गणित अचूक होतं. त्या वर्षी गुड फ्रायडेला त्यातला एक गोळा प्रार्थना चालू असलेल्या चर्चवर पडला आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. हा विषय शिकवताना तेही सांगायला हवं, कारण या शास्त्राचा मोठा भाग अशाच कामासाठी वाढलाय. पहिल्या इलेक्ट्रॉनिक गणकयंत्रांपैकी एनिॲक बांधायला घेतला तोसुद्धा तोफांच्या माऱ्याची कोष्टकं करण्यासाठी.

चला, क्रिकेटकडे. त्या मुलाला अजून उत्तर मिळालेलं नाही.

आधी एक कोडं. गुळगुळीत चेंडू आणि खडबडीत चेंडू, कोण लांब जाईल? सगळे म्हणतात गुळगुळीत. गोल्फ खेळणाऱ्यांनाही तसंच वाटायचं, पण त्यांच्या लक्षात यायला लागलं की मार खाऊन खड्डे पडलेला जुना चेंडू नव्यापेक्षा लांब जातो. आजच्या गोल्फच्या चेंडूवर तीन-चारशे खळगे मुद्दाम पाडलेले असतात, आणि ते नसते तर तो साधारण निम्म्याच अंतरावर पडला असता. हे असं का?

याचं उत्तर १९०४ साली प्रान्टल या जर्मन अभियंत्यानं दिलं. चेंडूच्या पृष्ठभागाला चिकटून हवेचा एक पातळसा थर असतो. त्याला सीमास्तर म्हणतात. चेंडूच्या पुढच्या भागावर हा थर सुखानं चालतो. पण चेंडूचा पोटाकडचा भाग ओलांडून मागे जाताना त्याला वाढत्या दाबाविरुद्ध जावं लागतं, जणू चढ लागतो. पृष्ठभागाला घासून तो आधीच दमलेला. तो चढ चढता येत नाही, आणि हवा पृष्ठभाग सोडून देते. तिथून मागे भोवऱ्यांचा एक रुंद पट्टा तयार होतो. पाण्यातून नाव गेल्यावर मागे राहतो तसा. हा पट्टा जितका रुंद तितकी चेंडूला मागून ओढ जास्त.

आता हा सीमास्तर दोन स्वभावांचा असतो. एक शिस्तीत, थरावर थर सरकत जाणारा. दुसरा खळबळता, गोंधळ घालणारा. शिस्तवाला लवकर दमतो आणि लवकर सुटतो. खळबळत्या थरात मात्र बाहेरची ताजी, वेगवान हवा सतत आत मिसळत राहते, त्यामुळे तो तग धरतो आणि चेंडूच्या मागच्या बाजूला बराच आतपर्यंत चिकटून राहतो. मग मागचा पट्टा अरुंद होतो आणि ओढ कमी होते. गोल्फच्या चेंडूवरचे खळगे हेच करतात. हवेला मुद्दाम खळबळवतात. पॅरिसला मनोरा बांधणारे आयफेल उतारवयात हवेच्या बोगद्यात प्रयोग करायचे. एका वेगानंतर गोलावरचा रोधाचा गुणांक निम्म्याहून खाली येतो, असं त्यांना दिसलं. १९१४ साली प्रान्टलनं गुळगुळीत गोलाभोवती एक बारीक तार गुंडाळली आणि तोच परिणाम कमी वेगालाच घडवून दाखवला. एक बारीक तार!

आणि क्रिकेटच्या चेंडूवर ती तार आधीच शिवलेली असते.

शिवण सरळ न ठेवता थोडी तिरकी ठेवा, वीसेक अंश, समजा स्लिपकडे. आता चेंडूच्या स्लिपकडच्या अंगावरून जाणारी हवा शिवणीवर अडखळते आणि खळबळते. दुसऱ्या अंगावर शिवण वाटेत येत नाही, तिथे चकचकीत चामडं आहे, हवा शिस्तीतच राहते. पुढचं तुम्हीच सांगा. शिस्तवाली लवकर सुटते, खळबळती उशिरा. म्हणजे स्लिपच्या अंगाची हवा चेंडूला वळसा घालून मागे जास्त आत येते, आणि मागचा पट्टा एकीकडे कलतो. चेंडूनं हवा त्या बाजूला ढकलली, तर हवेनं चेंडू उलट बाजूला ढकलला. न्यूटनचा तिसरा नियम. चेंडू स्लिपकडे निघाला, आउटस्विंग. तो मुलगा शिवण फाइन लेगकडे धरत होता. तिरकी तार, बाकी काही नाही.

बल किती? चांगल्या स्विंगला चेंडूच्या वजनाच्या पाव ते एक तृतीयांश. ताशी ११० च्या आसपास टाकलेला चेंडू त्या बलानं दीड-पावणेदोन फूट बाजूला जातो. स्टंपांची एकूण रुंदी नऊ इंच आहे, बरं का. आणि ‘चेंडू उशिरा स्विंग झाला’ असं समालोचक म्हणतात, त्यात जादू फारशी नसते. सरकणं वेळेच्या वर्गानं वाढतं. पहिल्या सत्तर टक्के वेळात निम्मंच सरकणं होतं, उरलेलं निम्मं शेवटच्या तीस टक्क्यांत. तेवढ्यात फलंदाजाचा पाय पुढे पडून गेलेला असतो.

मग वेग वाढवत नेला तर? इथे खरी मौज आहे. फार वेगात चकचकीत अंगावरची हवाही आपोआप खळबळते, शिवणीची वाट न बघता. आता दोन्ही अंगं खळबळती. अशा वेळी शिवण मदत करत नाही, अडथळाच होते. आधीच खळबळलेल्या थराला ती आणखी जाड आणि दुबळा करते. तो थर आधी सुटतो, आणि सगळा हिशेब उलटा होतो. शिवण स्लिपकडे आणि चेंडू आत. हाच रिव्हर्स स्विंग. नव्या चेंडूला त्यासाठी १४० च्या वरचा वेग लागतो, जो मोजक्यांकडे असतो. पण चेंडू जुना झाला, त्याचं एक अंग खरवडलं गेलं, आणि ते खडबडीत अंग पुढे ठेवलं, तर हवा कमी वेगालाच खळबळते आणि रिव्हर्स स्विंग साध्य होतो.

सत्तरच्या दशकात पाकिस्तानच्या सर्फराज नवाझ यांनी ही कला हातात आणली आणि ती इम्रान खान यांच्याकडे गेली, असं मानलं जातं. कोरडी मैदानं, चेंडू लवकर खरवडणारे, त्यामुळे ती तिथे वाढली. १९९२ साली वसीम अक्रम आणि वकार युनूस यांनी इंग्लंडमध्ये जुन्या चेंडूनं फलंदाज उडवले, तेव्हा तिथल्या वर्तमानपत्रांत चेंडू कुरतडल्याचे आरोप झाले. चेंडूशी छेडछाड होतच नाही असं मी म्हणत नाही. २०१८ साली केपटाउनला सँडपेपर कॅमेऱ्यात दिसलाच. पण स्विंग उलटा झाला म्हणजे लबाडीच झाली, हे अनुमान हवेला मान्य नाही. ती नियमानंच वागत होती. अमेरिकेतल्या नासाच्या एम्स केंद्रातले रवींद्र मेहता यांनी हवेच्या बोगद्यात चेंडू ठेवून हे सगळं पुष्कळ तपशिलात मोजलंय.

फिरकीचं थोडक्यात. फिरणारा चेंडू एका अंगाची हवा आपल्याबरोबर पुढे रेटतो, दुसऱ्या अंगाची अडवतो. त्यामुळे एका बाजूला ती उशिरा सुटते, दुसऱ्या बाजूला लवकर, आणि बल मिळतं. रॉबिन्सची वाकडी बंदूक. ४ जून १९९३ ला शेन वॉर्ननं माइक गॅटिंगला टाकलेला चेंडू आठवतो? सगळे त्याच्या टप्प्यानंतरच्या वळणाबद्दल बोलतात. पण गॅटिंग फसला तो त्याच्या आधीच. चेंडू हवेत लेगच्या बाहेर वाहत गेला, म्हणून त्यानं पाय आणि बॅट तिकडे नेली. वळण नंतर आलं.

शेवटचं उदाहरण भाल्याचं. ते सांगतो कारण तिथे हवेमुळे नियमच बदलावा लागला. २० जुलै १९८४ रोजी पूर्व बर्लिनमध्ये उवे होन या खेळाडूनं भाला १०४.८० मीटर फेकला. मैदान संपत आलं! पलीकडे धावपट्टी, तिथे माणसं. आणखी एक कटकट अशी की त्या काळचे भाले तरंगत जाऊन आडवेच पडायचे. टोक आधी लागलं की शेपूट, यावर पंचांचे वाद. कारण काय? भाल्यावर हवेचं उचलणारं बल जिथे लागतं ती जागा आणि भाल्याचा गुरुत्वमध्य हे जवळजवळ होते. त्यामुळे भाला नाक खाली करत नव्हता, पतंगासारखा तरंगायचा. १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य चार सेंटिमीटर पुढे आणला. आता हवा त्याला गुरुत्वमध्याच्या मागे उचलते, शेपूट वर, नाक खाली, आणि भाला लवकर व टोकावर पडतो. वजन तेच, ८०० ग्रॅम. लांबीही तीच. फक्त चार सेंटिमीटर, आणि विक्रमांची वही नव्यानं सुरू करावी लागली. नीरज चोप्राचे टोकियोतले ८७.५८ किंवा २०२५ मधले दोह्याचे ९०.२३ मीटर, हे या बदललेल्या भाल्याचे आकडे आहेत. होनच्या आकड्याशेजारी ते मांडू नयेत.

वेळ होत आलाय. दोन-तीन प्रश्न घेऊ.

‘‘ढगाळ, दमट हवेत चेंडू जास्त स्विंग होतो हे खरं का?’’

हा प्रश्न येणारच होता. दमट हवा जड असते असं लोक धरून चालतात. प्रत्यक्षात ती कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकी असते, कारण पाण्याच्या वाफेचा रेणू नायट्रोजनच्या रेणूहून हलका. त्यामुळे ‘जड हवा म्हणून स्विंग’ हे टिकत नाही. बोगद्यातल्या प्रयोगांतही आर्द्रतेचा ठळक परिणाम मिळालेला नाही. एक शक्यता अशी मांडतात की उन्हात तापलेल्या मैदानावरून हवेचे लोट वर उठतात आणि शिस्तीतला थर बिघडवतात. ढगाळ दिवशी ते कमी, म्हणून स्विंग टिकतो. मला हे पटण्यासारखं वाटतं. पण गोलंदाजांचा अनुभव मी मोडीत काढणार नाही. एकदा तसं करून बघितलंय.

‘‘लाळ लावायला बंदी आली, त्यानं काय झालं?’’

चकाकी टिकवणं अवघड झालं. करोनाच्या वेळी, २०२० मध्ये, बंदी आली आणि २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेटला कायमची झाली. घाम अजून चालतो. एक अंग शिस्तीचं ठेवायचं तर ते गुळगुळीत हवं, सगळा खटाटोप तेवढ्यासाठी.

‘‘आमच्या चाळीत टेनिसच्या चेंडूनं खेळतात. त्याला शिवण नाही. तो स्विंग करता येईल?’’

येईल! इलेक्ट्रिशियनची चिकटपट्टी घ्या. चेंडूचा अर्धा गोल तिनं नीट गुंडाळा, सुरकुत्या पडू देऊ नका, अर्धा लोकरीचाच ठेवा. दोन्ही अंगांमधली रेघ उभी राहील असा धरा आणि फिरकी न देता टाका. दहा-बारा चेंडू टाका, नोंद ठेवा. मग पट्टीचं अंग डावीकडून उजवीकडे करा आणि पुन्हा दहा-बारा. कोणत्या बाजूला वळतो, आणि जोरात टाकल्यावर तीच बाजू राहते का, ते मी आज सांगत नाही. पुढच्या वेळी आकडे घेऊन या.